जवळचा कान

पूर्वी खेड्यात एखादी वार्ता सर्वांना कळवावयाची असली, म्हणजे दवंडी पिटण्यात येई. गावचा कोतवाल हलगी घेऊन निघे. परंतु तो चावडीपुढे एका जागी उभा राहून, सारे बळ एकवटून ओरडत नसे. तसे त्याने केले असते, तर चावडीजवळच्या लोकांचे कान किटले असते आणि वेशीजवळच्या घरांपर्यंत एक शब्दही पोहोचला नसता. म्हणून तो प्रत्येक आळीच्या तोंडाशी थांबे, हलगीवर चार थापा मारी आणि बेताच्या आवाजात वार्ता सांगून पुढच्या आळीकडे वळे. या रीतीत आणखी एक सोय होती. ओसरीवर बसलेल्या एखाद्या म्हातारीने आपल्या क्षीण स्वरात, "बाजार कोणत्या वारी म्हणालास रे बाबा?" असे विचारले, तर तिचे बोलणे त्याला ऐकू येई. तो चावडीपुढेच उभा राहिला असता, तर त्याचा स्वतःचा आवाज कितीही मोठा असला, तरी त्या म्हातारीचा प्रश्न त्याच्या कानी कधीच पडला नसता.

दवंडीच्या या साध्या रीतीत जे शहाणपण आहे, त्याचाच आधार आज मोबाइल फोनची जाळी उभारणाऱ्या तंत्रज्ञांनी घेतला आहे. तो कसा, हे समजण्यासाठी प्रथम त्यांच्यापुढील अडचण समजून घेतली पाहिजे.

तीन माणसे डोळ्यांपुढे आणावीत. एक माणूस मोठ्या रुग्णालयाच्या तळघरातील खोलीबाहेर बसला आहे. आपल्या रोग्याला ताबडतोब रक्त हवे, हा निरोप त्याला घरी पोहोचवावयाचा आहे. दुसरा डोंगराच्या कुशीतील एका वस्तीवर राहतो. मध्यरात्री घरातील कोणाला साप चावला आहे आणि त्याला रुग्णवाहिका बोलवावयाची आहे. तिसरी एक आई आहे. भर यात्रेत तिच्या मुलाचा हात सुटला आहे. तिघांच्याही हातांत चांगले फोन आहेत. तिघांच्याही फोनमध्ये वीज भरलेली आहे. तरीही तिघांचे फोन मुके झाले आहेत. एरवी करमणुकीचे साधन वाटणारी ही लहानशी वस्तू अशा क्षणी जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसते.

फोन मुका का होतो? दोन मोबाइल फोन हवेतून एकमेकांशी थेट बोलतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. फोनला केवळ जवळच्या मनोऱ्यापर्यंतच बोलता येते. बोलणाऱ्याचे शब्द फोनमध्ये विद्युत्संकेतांचे रूप घेतात. ते संकेत रेडिओ लहरींवर स्वार होऊन मनोऱ्यावरील अँटेनापर्यंत जातात. आणि तेथून पुढचा त्यांचा प्रवास बहुधा जमिनीखालच्या काचेच्या बारीक तंतूंतून होतो. मुंबईचा मुलगा नागपूरच्या आजोबांशी बोलतो, तेव्हा त्या शेकडो किलोमीटरांच्या वाटेतला फक्त पहिला आणि शेवटचा लहानसा तुकडा हवेतला असतो. साखळी तुटते ती बहुधा याच तुकड्यात.

ती तुटण्याची मुख्य कारणे तीन. पहिले कारण अंतर. मोकळ्या जागेत मनोऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की हाती लागणारी लहरींची शक्ती निम्मी होत नाही, तर चौथाई होते. तिप्पट झाले, की नवव्या हिश्श्यावर येते. डोंगरातील वस्तीची अडचण ही आहे. दुसरे कारण आडोसा. काँक्रीटच्या जाड भिंती, धातूचा पातळ लेप दिलेल्या काचा, टेकड्या, एवढेच काय पण पावसाने भिजलेली दाट झाडीसुद्धा लहरींचे बळ शोषून घेते. रुग्णालयाच्या तळघरातील माणसाला हा आडोसा नडतो. तिसरे कारण गर्दी. एका मनोऱ्याला एका वेळी ठरावीक संख्येच्या फोनांशीच बोलता येते. यात्रेतील आई मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी उभी असली, तरी तिच्याभोवतीच्या हजारो फोनांनी मनोऱ्याचे सारे लक्ष व्यापून टाकलेले असते.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे मनोऱ्याचा आवाज वाढविणे. मनोरा अधिक उंच करावा, त्याला अधिक वीज द्यावी, म्हणजे त्याच्या लहरी दूर जातील आणि भिंतीही भेदतील! पण येथे दवंडीतील त्या म्हातारीची आठवण ठेवली पाहिजे. संभाषण दुहेरी असते. मनोरा अनेक वॉट शक्तीने बोलू शकतो. परंतु चौथ्या पिढीचा, म्हणजे ४जी पद्धतीचा सामान्य फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॉट एवढ्याच शक्तीच्या लहरी बाहेर टाकू शकतो. रात्री उशाशी लावावयाचा लहानसा एलईडी दिवासुद्धा साधारण अर्धा वॉट वीज घेतो. फोन हा असा हळू बोलणारा प्राणी आहे. मनोऱ्याची गर्जना त्याच्यापर्यंत पोहोचली, तरी त्याची कुजबूज मनोऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. ज्याचा आवाज लहान आहे, त्याला मोठ्या तोंडाची नव्हे, तर जवळच्या कानाची गरज असते.

ही गोष्ट ध्यानात येण्यास जगाला बराच काळ लागला. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस या शहरात मोटारींतून बोलता येईल अशी फोनसेवा सुरू झाली. मोटारीत बसवावयाचे ते यंत्र सुमारे ३६ किलोग्रॅम वजनाचे होते. उंच जागेवरील शक्तिमान अँटेना साऱ्या शहरावर लहरी पसरवी. परंतु प्रारंभी साऱ्या शहरासाठी केवळ तीन वाहिन्या होत्या. म्हणजे एका वेळी तीनच संभाषणे चालू शकत. चौथ्याला आपली पाळी येईपर्यंत थांबणे भाग होते. ही अडचण पुढेही अनेक वर्षे टिकली. १९७६ साली सुमारे एक कोटी लोकवस्तीच्या न्यूयॉर्क परिसरात अशा सेवेच्या वाहिन्या अवघ्या बारा होत्या. ग्राहक होते ५४३, आणि आपल्याला फोन केव्हा मिळेल याची वाट पाहणारे होते ३,७०० हून अधिक!

यातून सुटण्याची युक्ती मात्र कागदावर पूर्वीच उतरली होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग नावाचे अभियंते होते. आपले सहकारी रे यंग यांच्या साहाय्याने त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये एक टिपण तयार केले. साऱ्या प्रदेशासाठी एकच मोठा प्रक्षेपक उभारण्याऐवजी प्रदेशाचे लहान लहान षट्कोनी भाग पाडावेत, आणि प्रत्येक भागाला स्वतःचा बेताच्या शक्तीचा प्रक्षेपक द्यावा, असे त्यांनी सुचविले. नकाशावर आखलेले ते षट्कोन मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांसारखे दिसतात. अशा एका घराला इंग्रजीत सेल म्हणतात. मोबाइलला सेलफोन हे नाव मिळाले, ते यावरूनच.

भाग पाडल्याने काय साधते? एका शाळेचे उदाहरण घ्यावे. शाळेतील सर्व इयत्ता एकाच मोठ्या सभागृहात बसविल्या, तर एका वेळी एकाच गुरुजींना बोलता येईल. दोघे बोलू लागले, की कोणालाच काही समजणार नाही. त्याच जागेत भिंती घालून वर्ग पाडले, म्हणजे एका टोकाच्या वर्गात कविता चालते आणि दुसऱ्या टोकाच्या वर्गात पाढे म्हटले जातात. कोणाचा कोणास उपद्रव होत नाही. अट एवढीच, की प्रत्येकाने आपला आवाज आपल्या भिंतींपुरता ठेवावा. रेडिओ लहरींचेही तसेच आहे. लहरी एका सेकंदात किती वेळा कंप पावतात, त्या संख्येला कंप्रता म्हणतात. संभाषणासाठी उपलब्ध असलेल्या कंप्रता मोजक्या आहेत. त्या नव्याने निर्माण करता येत नाहीत. परंतु एका सेलमध्ये वापरलेली कंप्रता थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या सेलमध्ये पुन्हा वापरता येते, आणि त्याहून पुढच्या सेलमध्ये आणखी एकदा. आज तर शेजारशेजारच्या सेलांतही बहुधा त्याच कंप्रता वापरतात आणि एकाचा दुसऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून यंत्रे सतत ताळमेळ राखतात. जी वस्तू वाढविता येत नाही, ती पुन्हापुन्हा वापरून पुरविण्याची ही युक्ती आहे.

येथे थोडे गणित केले पाहिजे. सेलची त्रिज्या निम्मी केली, की त्याचे क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणून तेवढ्याच प्रदेशात चौपट सेल मावतात, आणि त्याच कंप्रतांवर सुमारे चौपट लोकांना बोलता येते. त्रिज्या पुन्हा निम्मी केली, की सोळापट. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर या अभियंत्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून, हातात धरता येणाऱ्या सेलफोनवरून जगातील पहिले संभाषण केले. याच कूपर यांनी पुढे एक उद्बोधक हिशेब मांडला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या सुमारे ४५ वर्षांत बिनतारी संभाषणाची क्षमता दहा लाख पटींनी वाढली. त्यांपैकी २५ पट वाढ नव्या कंप्रता खुल्या झाल्याने, ५ पट त्या कंप्रतांचे अधिक बारीक भाग केल्याने आणि ५ पट संकेत पाठविण्याच्या सुधारलेल्या पद्धतींमुळे झाली. उरलेली १,६०० पट वाढ केवळ एका गोष्टीने झाली. ती म्हणजे प्रत्येक संभाषणाने व्यापलेली जागा लहान लहान करीत नेल्याने!

टोकिओ शहरात १९७९ साली सेलवर आधारलेली पहिली व्यापारी फोनसेवा सुरू झाली. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण करून या सेवेचा आरंभ केला. त्यानंतर गावोगावी मनोरे उभे राहिले. तथापि फोनवर पूर्वी केवळ बोलणे होई. आता चित्रे, गाणी, चलच्चित्रे आणि शाळेचे पाठसुद्धा येऊ लागले. एवढा भार वाहून नेण्यास जुन्या कंप्रता अपुऱ्या पडू लागल्या. म्हणून तंत्रज्ञ अधिक उच्च कंप्रतांकडे वळले.

कंप्रता जितकी उच्च, तितकी लहर आखूड. सेकंदाला ९० कोटी वेळा कंप पावणाऱ्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या फूटपट्टीहून थोडी अधिक असते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचव्या पिढीची, म्हणजे ५जी सेवा सुरू झाली. तिच्यासाठी वापरात आलेल्या एका पट्ट्यातील लहरी जेमतेम ९ सेंटिमीटर लांबीच्या आहेत. आणि त्याच वर्षी लिलावात दिलेल्या दुसऱ्या एका पट्ट्यातील लहरी तर एक सेंटिमीटरहून किंचित मोठ्या आहेत. अशा मिलिमीटरांत मोजावयाच्या लहरींशी भारताचे नाते जुने आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९४ ते १८९६ या काळात कोलकात्यात अशाच आखूड लहरी निर्माण केल्या आणि तारेच्या जोडणीवाचून दूरची घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून प्रेक्षकांना थक्क केले.

उच्च कंप्रतेचे पट्टे रुंद असतात. त्यामुळे रुंद रस्त्यावरून अधिक गाड्या जाव्यात, तशी अधिक माहिती त्यांच्यावरून वाहते. परंतु आखूड लहरी नाजूक असतात. त्या भिंतीपाशी अडतात, पानांत अडकतात आणि दूरवर जाण्यापूर्वीच क्षीण होतात. अशा लहरींना दूरच्या उंच मनोऱ्यावरून घरात येण्यास सांगणे व्यर्थ होय. त्यांना घराजवळच जन्म दिला पाहिजे. म्हणून सेल आणखी लहान करणे क्रमप्राप्त झाले. यालाच स्मॉल सेल, म्हणजे लहान सेल, असे म्हणतात.

लहान सेलचे यंत्र दिसण्यात अगदी साधे असते. चपलांच्या खोक्याएवढी एक पेटी दिव्याच्या खांबावर, बसथांब्याच्या छपराखाली किंवा इमारतीच्या भिंतीवर बसविलेली असते. तिच्यात किंवा तिच्याजवळ लहानशी अँटेना असते. पेटीला वीज आणि पुढे मोठ्या जाळ्याशी जोडणारी तार अशा दोन गोष्टी पुरविलेल्या असतात. अशा सेलचे आकारमानाप्रमाणे तीन प्रकार केले जातात. एकदोन किलोमीटरांपर्यंतचा परिसर सांभाळणारा तो मायक्रो सेल. रेल्वेस्थानक, कार्यालय, रुग्णालय अशा ठिकाणी दोनशे मीटरांपर्यंत उपयोगी पडणारा तो पिको सेल. आणि एखाद्या घरापुरता, काही दशक मीटरांचाच, तो फेम्टो सेल. फेम्टो सेलची लहरी टाकण्याची शक्ती एक दशांश वॉट किंवा त्याहूनही कमी असते. ही नावे विज्ञानातील अतिसूक्ष्म मापांवरून घेतली आहेत. फेम्टो हे उपपद पंधरा या अर्थाच्या डॅनिश शब्दावरून आले असून, एकाच्या मागे दशांश चिन्हासह चौदा शून्ये द्यावीत इतके लहान माप ते दर्शविते. अर्थात ही पेटी काही तितकी लहान नसते. ती सर्वांत लहान, एवढेच त्या नावातून सुचवावयाचे असते.

माणूस हातातला फोन घेऊन अशा इमारतीत शिरला, की त्याचा फोन आपोआप दूरच्या मनोऱ्याला सोडून जवळच्या पेटीशी बोलू लागतो. तो बाहेर पडला, की पेटी ते संभाषण पुन्हा मनोऱ्याच्या स्वाधीन करते. बोलणाऱ्याला या देवघेवीचा पत्ताही लागत नाही. ऐकणारा जवळ आल्याने फोनलाही ओरडावे लागत नाही. तो आपली शक्ती आपोआप कमी करतो आणि त्याची विजेरी अधिक काळ टिकते.

या लहानशा पेटीने एका गावाची अडचण कशी दूर केली, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. तेथील बर्कशायर परगण्यात, लॅम्बोर्न नदीच्या खोऱ्यात, ईस्ट गार्स्टन नावाचे एक लहान खेडे आहे. व्होडाफोन या कंपनीचे तेव्हा ब्रिटनमधील मुख्य केंद्र असलेले न्यूबरी गाव तेथून फार दूर नाही. तरीही खोऱ्यातील या खेड्यात मोबाइलची लहर नीट पोहोचत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा! लहानशा खेड्यासाठी मोठा मनोरा उभारणे खर्चाचे होते. तेव्हा २०११ साली त्या कंपनीने तेथे एक प्रयोग केला. गावात इंटरनेटची तार पूर्वीच आलेली होती. त्या तारेला जोडलेल्या फेम्टो सेलच्या काही पेट्या गावात ठिकठिकाणी बसविण्यात आल्या. प्रत्येक पेटीने आपल्या भोवतीचा थोडासा भाग सांभाळला, आणि दूरच्या मनोऱ्याला जे साधले नव्हते ते या लहान पेट्यांनी मिळून साधले. प्रयोग पटल्यामुळे २०१४ साली अशा शंभर ग्रामीण वस्त्यांसाठी योजना जाहीर करण्यात आली. त्या पेट्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे ३जी तंत्रावर चालत. पुढे ते तंत्र मागे पडले. परंतु जेथे मोठा मनोरा पोहोचत नाही, तेथे पुष्कळ लहान पेट्या मिळून काम निभावू शकतात, हे त्या खेड्याने दाखवून दिले.

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. लहान सेलची खरी अडचण म्हणजे त्याला बसावयास पुष्कळ जागा लागतात. एका मनोऱ्याच्या जागी वीस-पंचवीस पेट्या लावावयाच्या, तर तितक्या जागा, तितकी वीज आणि तितक्या परवानग्या हव्यात. मग रस्त्यावर आधीच उभे असलेले दिव्याचे खांब, बसथांबे आणि वाहतुकीचे दिवे यांचाच उपयोग का करू नये? या प्रश्नाचा अभ्यास भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केला. त्यासाठी भोपाळ शहर, दिल्लीचा विमानतळ, गुजरातमधील कांडला येथील दीनदयाळ बंदर आणि बंगळूरूची मेट्रो अशी एकमेकांहून अगदी भिन्न अशी चार ठिकाणे प्रयोगासाठी निवडण्यात आली. या अनुभवाच्या आधारे, रस्त्यावरील अशा वस्तूंवर लहान सेल बसविणे सुलभ व्हावे म्हणून प्राधिकरणाने २९ नोव्हेंबर २०२२ रोजी सरकारला शिफारशी सादर केल्या. दिव्याचा खांब आजवर रस्त्यावर उजेड पाडीत आला आहे. आता तो लोकांचे बोलणेही ऐकणार आहे.

मात्र लहान सेल म्हणजे जादूची कांडी नव्हे. त्याच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. वीज गेली आणि जवळ साठवलेली वीज नसली, तर ही पेटी तत्काळ मुकी होते. तिच्या पाठीमागची तार तुटली, तर तिने ऐकलेले बोलणे पुढे जाऊ शकत नाही. वेगाने धावणाऱ्या आगगाडीतील प्रवाशाला तिचा उपयोग थोडा. कारण एका पेटीशी ओळख होते न होते तोच तिची हद्द संपते आणि दुसरी सुरू होते. अशा प्रवाशाला लांबवर पसरलेला मनोऱ्याचा सेलच बरा. विरळ वस्तीच्या विस्तीर्ण माळरानावरही मनोऱ्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून आजच्या जाळ्यात दोघेही असतात. मनोरा दूरवरचा प्रदेश व्यापतो. लहान सेल मनोऱ्याच्या दृष्टीआडचे कोपरे आणि गर्दीच्या जागा सांभाळतात. घरातील कर्ता पुरुष आणि लहान मुले यांनी आपापल्या वाट्याचे काम उचलावे, तशीच ही वाटणी आहे.

आता त्या तिघांकडे पुन्हा वळावे. रुग्णालयाच्या तळघरात छताला एक पिको सेल लावलेला असेल, तर त्या माणसाचा निरोप भिंतींशी झुंजत बसणार नाही. तो दहा पावलांवरच्या पेटीत शिरेल आणि तारेने बाहेर पडेल. यात्रेच्या मैदानातील खांबाखांबांवर लहान सेल असतील, तर गर्दी त्यांच्यात वाटली जाईल आणि त्या आईच्या हाकेला वाव मिळेल. राहिली डोंगरातील वस्ती. तिचे काम सर्वांत अवघड. तेथे केवळ पेटी नेऊन भागणार नाही. पेटीमागे वीज आणि तार, किंवा तारेच्या जागी दुसरी एखादी खात्रीची जोडणी, न्यावी लागेल. वस्तीवर घरे थोडी, म्हणून मिळकत थोडी. आणि मिळकत थोडी, म्हणून तिकडे जाण्यास कोणी उत्सुक नसते. परंतु साप चावतो तेव्हा तो घरांची संख्या मोजून चावत नाही. अशा वस्तीपर्यंत कान पोहोचविणे हे केवळ तंत्रज्ञानाचे काम नाही. ते समाजाच्या मनाचेही काम आहे.

दूरचे लोक जवळ यावेत म्हणून माणसाने प्रथम आपला आवाज मोठा करून पाहिला. पुष्कळ वर्षांच्या अनुभवानंतर त्याला उमगले, की दुसऱ्यापर्यंत पोहोचावयाचे, तर ओरडण्यापेक्षा त्याच्याजवळ जाणे अधिक फलदायी असते. आळीआळीतून फिरणाऱ्या त्या कोतवालाला हे ठाऊक होते. ज्याचा आवाज सर्वांत लहान, त्याचेही बोलणे ज्या जाळ्यात ऐकू येते, तेच जाळे खरोखर मोठे म्हणावयाचे.

शब्दार्थ

दवंडी : हलगी वाजवून गावात दिलेली जाहीर सूचना
कान किटणे : मोठ्या वा सततच्या आवाजाने कानांना त्रास होणे
क्षीण : दुबळा, अशक्त
प्रक्षेपक : लहरी बाहेर पाठविणारे यंत्र
कंप्रता : एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या
उद्बोधक : ज्ञान देणारा, विचार करावयास लावणारा
क्रमप्राप्त : ओघाने करावे लागणारे
गत्यंतर : दुसरा मार्ग

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) कोतवाल चावडीपुढे उभा राहून दवंडी का देत नसे?
(आ) मुंबईच्या मुलाचे बोलणे नागपूरच्या आजोबांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते?
(इ) सेलफोन हे नाव कशावरून पडले?
(ई) ईस्ट गार्स्टन येथे दिव्याखाली अंधार होता, असे का म्हटले आहे?

२. कारणे द्या.
(अ) मनोऱ्याची शक्ती वाढविल्याने फोनची अडचण पूर्णपणे दूर होत नाही.
(आ) आखूड लहरींसाठी सेल लहान करावे लागतात.
(इ) वेगाने जाणाऱ्या आगगाडीतील प्रवाशाला लहान सेलचा उपयोग थोडा होतो.

३. शाळेतील सभागृह आणि वर्ग यांच्या उदाहरणावरून कोणती गोष्ट स्पष्ट केली आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.

४. एका सेलची त्रिज्या ८०० मीटर आहे. ती २०० मीटर केली, तर तेवढ्याच प्रदेशात साधारण किती पट सेल मावतील? रीत लिहून दाखवा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
कान किटणे, पाळी येणे, थक्क करणे, स्वाधीन करणे, पत्ता न लागणे.

६. "साप चावतो तेव्हा तो घरांची संख्या मोजून चावत नाही." या वाक्यातून काय सुचवावयाचे आहे? आठ-दहा ओळींत लिहा.

७. तुमच्या घरात, शाळेत व गावात फोन कोठे नीट ऐकू येतो आणि कोठे येत नाही, याची नोंद एक आठवडाभर करा. अंतर, आडोसा आणि गर्दी यांपैकी कोणते कारण कोठे लागू पडते, ते वर्गात सांगा.